गजभिये बाबूजींची आयकणी

बालाघाटहून वारासिवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका राइस मिलच्या समोर, आमच्या ठेकेदाराचं वर्कशॉप होतं. ठेकेदाराचे ट्रक आणि डंपर आसपासच्या खाणींवर भाड्याने लागायचे आणि रोज सकाळी या आवारातून कामावर निघायचे. त्या वेळी एखादा नवखा माणूस तिथे आला तर हमखास चक्रावायचा. हातात चहाचे ग्लास आणि गालात तंबाखू धरलेले दांडगे गडी गोल करून उभे, आणि कुणाच्या तोंडून चकार शब्द नाही. मधोमध एक गाडी सुरू. तिच्या बॉनेटपाशी खाकी सदऱ्यातला एक बुटका माणूस उजवा हात वर करून, मान किंचित कलती ठेवून उभा. हात खाली आला की गाडी सुटायची. वरच राहिला तर ती मागे आत न्यायची, मग खाणीवरचा साहेब कितीही तणतणो.

हे आमचे फोरमन, गजभिये. त्यांना सगळे बाबूजी म्हणत. मी तिथे स्टोअर सांभाळायचो, म्हणजे नट-बोल्टपासून तेलाच्या पिंपांपर्यंत सगळं माझ्या ताब्यात असायचं, आणि माझ्या खिडकीतून आवार पूर्ण दिसायचं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी या मौनाच्या मध्येच शिंकलो. बाबूजींनी माझ्याकडे असं बघितलं, की पुढे कितीतरी महिने मला शिंक आली की मी स्टोअरच्या मागच्या दाराने बाहेर पडत असे.

या प्रकाराला वर्कशॉपात ‘आयकणी’ म्हणत. ती कशी सुरू झाली हे जुने लोक सांगायचे. छप्पन साली बाबूजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत आवारात एक नवा ट्रक आला, आणि नेहमीप्रमाणे नारळ, लिंबू, शेंदूर अशी तयारी झाली. नारळ फोडायचा मान फोरमनचा. बाबूजी म्हणाले, “नारळ तुमी फोडा. मी आता त्यातला नाई. मी गाडी आयकतो.” आणि ते ट्रक सुरू करायला लावून नुसते उभे राहिले. कुणाला काय करावं ते कळेना, म्हणून सगळे गप्प राहिले. थोड्या वेळाने बाबूजींनी सांगितलं की मागच्या बाजूचं एक बेअरिंग कोरडं आहे. ते कोरडंच निघालं. तेव्हापासून नारळही फुटत राहिले आणि आयकणीही चालू राहिली. खरं सांगायचं तर पुढे पुढे ड्रायव्हर लोक नारळ विसरत, पण आयकणीशिवाय गाडी नेत नसत.

बाबूजी बोलायचे अगदी हळू. त्यामुळे त्यांच्याशी बोलणाऱ्याला आपोआप आवाज खाली आणावा लागे. रागावले तर आणखी हळू बोलत, आणि त्या वेळी माणसाला घाम फुटे. चहा ते बशीत ओतून पूर्ण निववून प्यायचे, कारण गरम चहा भुरकताना आवाज होतो आणि भुरकणारी माणसं त्यांना सहन होत नसत. घरात रेडिओ नव्हता. त्यांची बायको, अनुसयाकाकू, माझ्याजवळ कुरकुर करायच्या, “याह्यले सैपाकघरातल्या झाकनीचा खडखडाट आयकू येते, पन ‘तेल सरलं’ म्हनलं का आयकू येत नाई.” यावर बाबूजी शांतपणे म्हणत, “झाकनी एकडाव खडखडते. तू दिवसभर खडखडतं.”

थंडीत सगळे गडी कानावरून मफलर गुंडाळून यायचे. आयकणीच्या वेळी तो उतरवावा लागे. बालाघाटची पौषातली सकाळ ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही सक्ती किती जाचक होती ते समजेल. बाबूजींच्या गळ्यातही तपकिरी मफलर असे, पण तो कधी कानापर्यंत पोचला नाही. “कान झाकून मिस्त्रीपना करता येते का?” असं ते विचारत, आणि त्यांचे उघडे कान गारठ्याने लाल झालेले असत.

त्यांच्या कानाच्या कथा पुष्कळ होत्या. त्यातली एक माझ्या डोळ्यांदेखत घडली. खैरलांजीकडच्या एका गावी आमच्या एका खलाशाचं, म्हणजे ट्रकवरच्या क्लीनरचं, लग्न होतं. पंगत बसलेली, गॅसबत्त्या टांगलेल्या, वरणभात वाढून झाला होता. बाबूजी पहिला घास घेणार, तोच ताटावरून उठले. यजमानाचा चेहरा पडला. त्याला वाटलं, आपल्याकडून मानपानात काही राहिलं. बाबूजी सरळ मांडवाच्या टोकाशी गेले, तिथली एक बत्ती उतरवली, हवा सोडली आणि ती दूर नेऊन ठेवली. परत येऊन बसले आणि जेवू लागले. नंतर पाहिलं तर त्या बत्तीच्या टाकीला चीर गेलेली होती. यजमान हात जोडून उभा राहिला तेव्हा बाबूजी म्हणाले, “वरन चांगलं झालं हाय.” कौतुक कुणी करू लागलं की ते असाच विषय बदलत. मला मात्र त्यांचा हा साधेपणा पूर्ण खरा वाटत नसे. आपल्या कानाचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्यांनी का बाळगू नये?

पुढे एका आश्विनात आम्ही दोघे सायकली हातात धरून घराकडे चाललो होतो. आमची घरं एकाच वॉर्डात होती. दिवस नुकताच मावळला होता, आणि दोन्ही बाजूंच्या धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून, रातकिड्यांनी असा कल्लोळ मांडला होता की मला बाबूजींचं हळू बोलणं जेमतेम कळत होतं. ते म्हणाले, “औंदा रातकिडे नाईच. मलेरियावाले पावडर मारून गेले, त्यानं मेले असतीन.” मला वाटलं, म्हातारा थट्टा करतो आहे. मी हसलो. तेही हसले, पण थोडे उशिरा.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ठेकेदाराने कुठल्याशा धरणाच्या कामावरून लिलावात एक जुना विलायती डंपर आणला. त्याला पॉवर स्टिअरिंग होतं. पंपाने तेल दाबून चाकं वळवायला मदत करायची, अशी ती व्यवस्था. आमच्याकडे तोवर स्टिअरिंग म्हणजे छातीचा जोर लावून फिरवायची वस्तू होती. हे एका बोटाने फिरायचं. आठवडाभर आवारातला प्रत्येक जण एकदा तरी वर चढून ते बोटाने फिरवून गेला. दुबेजी, म्हणजे आमचे मॅनेजर, तेसुद्धा धोतर सावरत चढले.

ही गाडी दशरथ राऊतला मिळाली, आणि त्याला कारण होतं. दशरथ चांगला ड्रायव्हर, पण दोन पावसाळ्यांपूर्वी घाटात ट्रक उलटून त्याचा डावा खांदा निखळला होता, तो नीट बसलाच नाही. साधा ट्रक आता त्याच्याने वळत नव्हता. तेव्हापासून तो आवारात गाड्या धूत होता, आणि तीस वर्षांच्या ड्रायव्हरने पोरासोरांबरोबर गाड्या धुणं म्हणजे काय ते त्याच्या तोंडावर दिसायचं. हा डंपर आल्यावर बाबूजींनीच दुबेजींना सांगितलं की ही गाडी दशरथ चालवू शकेल. त्या दिवशी दशरथने इस्त्रीचा सदरा घातला. ती गाडी गेली असती तर त्याला पुन्हा स्टिअरिंग धरायला मिळालं नसतं, हे आवारात सगळ्यांना माहीत होतं.

उन्हाळा, पावसाळा चांगला गेला. मार्गशीर्ष संपता संपता थंडी पडली, सकाळी नळाखालच्या बादलीला हात लाववेना, आणि दशरथची तक्रार सुरू झाली. सकाळी गाडी सुरू करून स्टिअरिंग वळवलं की एक बारीक, लांबलचक किंकाळी निघते. मध्येच चाक अडतं आणि मग एकदम सुटतं. खाणीच्या उतारावर एका बाजूला खोल खड्डा असतो, तिथे हे झालं तर संपलंच. म्हणून तो गाडी बराच वेळ उभी ठेवून तापवायचा, तेल गरम झालं की आवाज बंद व्हायचा, आणि मग आयकणी करून निघायचा. पहिली खेप रोज उशिरा. खाणीवरून बोलणी येऊ लागली. दुबेजी सर्वांसमोर म्हणाले, “दशरथ, गाड़ी गरम करता है कि खुद को?” लोक हसले. शेकोटीपाशी उभं राहायला मिळावं म्हणून तो हे करतो, असंच पुष्कळांना वाटू लागलं होतं.

तो आवाज मलाही रोज येत होता. पण समोरच्या राइस मिलचा पट्टा त्याच सुमारास सुरू व्हायचा, तोच घसरत असेल असं मी धरून चाललो होतो.

शेवटी दुबेजी म्हणाले, बाबूजींनी गाडी गार असतानाच ऐकावी आणि निकाल द्यावा. शनिवारी सकाळी आयकणी झाली. मफलर उतरले. दशरथने गाडी सुरू करून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवलं. बाबूजी मान कलती करून उभे राहिले, खाली वाकले, पुन्हा उभे राहिले. आणि हात खाली आला. “आवाज नाई,” ते म्हणाले.

गोलातलं कुणीही काही बोललं नाही. दुबेजींनी तिथल्या तिथे सांगितलं, सोमवारपासून ही गाडी दुसरा कुणीतरी नेईल, दशरथने पुन्हा धुलाईवर यावं.

दशरथ खाली उतरला. बाबूजींच्या जवळ जाऊन, मान खाली घालून काहीतरी पुटपुटला.

“काय म्हनला?” बाबूजींनी विचारलं.

तो पुन्हा बोलला, तसाच हळू. ही आदब बाबूजींनीच आम्हाला लावलेली होती.

“काय म्हनला, बे?”

मग दशरथला मोठ्याने बोलावं लागलं आणि ते सगळ्यांनी ऐकलं. “बाबूजी, गाडी रडून राह्यली. तुमालेच आयकू नाई येऊन राह्यलं.”

आता याच्या कानाखाली बसते, असं मला वाटलं. बाबूजींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग डंपरकडे बघितलं. सायकल घेतली आणि कामाच्या दिवशी, भर सकाळी, घरी निघून गेले. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

घरी काय झालं ते अनुसयाकाकूंनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. ते आले, भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, “माह्या मागं हुभी राय आन् बांगड्या वाजव.” काकूंना आधी ही काय थेरं, असं वाटलं. त्यांनी वाजवल्या. “वाजव ना,” ते म्हणाले. त्यांनी पुन्हा वाजवल्या. “वाजवून राह्यली का नाई?” मग त्यांनी पितळी ताट वाजवायला सांगितलं, तेव्हा म्हणाले, “हे आयकू आलं.” पुन्हा बांगड्या. काकू म्हणाल्या, “हात दुखेपर्यंत वाजवल्या, बाबू. मंग मीच रडाले लागली. ते काई रडले नाई. म्हने, जेवाले वाढ.”

सोमवारी सकाळी बाबूजी सगळ्यांच्या आधी आवारात हजर होते. दशरथ फडकं आणि बादली घेऊन आला होता. त्यांनी त्याला ती खाली ठेवायला लावली आणि डंपरवर चढायला सांगितलं. गाडी सुरू झाली. स्टिअरिंग वळायला लागल्यावर बाबूजींनी पंपावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. मग तेलाच्या टाकीचं झाकण काढलं. आत दूध उतू जायला आल्यावर येतो तसा फेस वर आला होता.

त्यांनी हात वर केला. सगळे गप्प झाले. पण या वेळी ते गाडीकडे बघत नव्हते, आमच्याकडे बघत होते. एकेकाजवळ जाऊन त्यांनी विचारलं, “तुले आवाज येते का?”

पहिला होता वेल्डर. तो इकडेतिकडे बघू लागला.

“खरं सांग. येते का?”

“येते, बाबूजी.”

दुसऱ्याला विचारलं. “येते.” तिसऱ्याला. “येते.” खलाशी, टायरवाला, चहा देणारा, सगळ्यांना येत होता. खिडकीशी येऊन त्यांनी मलाही विचारलं. मी म्हटलं, “येतो. मला राइस मिल वाटली होती.” त्यांना हसू आलं नाही.

“मंग परवा काहून नाई बोलले?”

शेवटी वेल्डरच बोलला, “तुमी नाई म्हनले ना. मंग आमाले वाटलं, नसन आवाज. दुसरंच काई असन.”

त्या वेळचा त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही. कान गेल्याचं त्यांना शनिवारीच कळलं होतं आणि ते त्यांनी पचवलं होतं. आपण हात खाली केला की बाकी सगळ्यांचे कानही बंद होतात, हे त्यांना त्या सकाळी कळलं. मला फार वाईट वाटलं. त्यांच्यासाठी वाटलं आणि आमच्यासाठीही. आम्ही त्यांचा मान राखला होता आणि त्या मानापायी एक माणूस देशोधडीला लागणार होता.

मग मात्र ते कामाला लागले. टाकीतलं तेल बोटावर घेतलं, ते काकवीसारखं ओघळत होतं. “हे जाडं तेल मीच टाकाले लावलं होतं उन्हाळ्यात,” ते म्हणाले. आमच्याकडे तशी रीतच होती. कुठलाही गिअरबॉक्स आवाज करू लागला की जाडं तेल ओतायचं, आवाज दबतो. पॉवर स्टिअरिंगलाही तोच न्याय लावला गेला होता. उन्हात ते तेल पातळ राहिलं आणि निभावलं. थंडीत ते आळलं, पंपाला ओढता येईना, आणि ओढाताणीत पंपाच्या मागच्या नळीच्या सैल जोडातून हवा आत शिरू लागली. ती किंकाळी त्या हवेची होती.

तेल सगळं काढलं. मी स्टोअरमधून पातळ तेलाचा डबा दिला. नळीचं टोक गारठ्याने ताठ होऊन चिरलं होतं, तेवढं कापून नवी पट्टी आवळली. पुढची चाकं जॅकवर उचलली. दशरथने आधी इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग सावकाश या टोकाला, त्या टोकाला फिरवलं. बाबूजी टाकीत बघत होते आणि बोटानेच खुणावत होते, थांब, फिरव, अजून. बुडबुडे येत होते, फुटत होते, वरून तेल भरावं लागत होतं. मग इंजिन सुरू करून पुन्हा तेच केलं. हे काम घाईने करायचं नसतं. ऊन आवारात आलं तरी दोघांचं चालूच होतं.

पण खरी परीक्षा थंडीत होती. गाडी तशीच रात्रभर उभी ठेवली. मंगळवारी पहाटे असं धुकं होतं की समोरची राइस मिल दिसत नव्हती. दुबेजीही शाल पांघरून आले. मफलर उतरले. बाबूजींनी हात वर केला. दशरथने गाडी सुरू करून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे नेलं, पूर्ण उजवीकडे नेलं. सगळे बाबूजींच्या हाताकडे बघत होते. हात वरच होता.

“दशरथ,” ते म्हणाले, “तू सांग.”

दशरथने आणखी एकदा फिरवून बघितलं. “नाई, बाबूजी. गेला आवाज.”

“बाकीच्याह्यले?”

“नाई,” एकेक जण म्हणाला. मग हात खाली आला.

त्यानंतर ते दुबेजींकडे वळले आणि प्रथमच मोठ्या आवाजात बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “साहब, गाड़ी में खराबी थी. लड़का सच बोल रहा था. कान मेरा खराब है.” दुबेजी त्यांना बाजूला नेऊ लागले. ते जाईनात. दुबेजींना ही गोष्ट आवारातच ठेवायची होती. फोरमनला ऐकू येत नाही हे खाणवाल्यांना कळलं तर धंद्याचं काय, ही त्यांची काळजी. बाबूजी म्हणाले, “चार दिन में सबको मालूम होगा. आज मेरे से मालूम होने दो.” दशरथ डंपर घेऊन बाहेर पडला. दुबेजी फाटकापर्यंत त्याच्या मागे बघत राहिले, पण त्याला थांबवलं नाही.

आयकणी बंद पडली नाही, पण पद्धत बदलली. बाबूजी हात वर करत, आणि मग कुणाही एकाला पुढे बोलावून विचारत, “सांग.” ज्याची गाडी त्याने आधी बोलायचं, मग बाकीच्यांनी, आणि फोरमन सगळ्यांच्या शेवटी. स्वतः ते तळहात लावून बघत. सुरुवातीला गडी त्यांच्या तोंडाकडे बघून उत्तरं देत, तेव्हा ते पाठ करून उभे राहू लागले. कुणी त्यांना बरं वाटावं म्हणून बोललं तर त्यांना ते कसं कळायचं कोण जाणे, पण कळायचं, आणि मग ते अगदी हळू आवाजात रागवायचे.

पुढे ते निवृत्त झाले. माझी बदली कटंगीकडच्या कामावर झाली आणि भेटी कमी होत गेल्या. शेवटचे भेटले ते एका आश्विनातल्या संध्याकाळी. घराच्या ओट्यावर बसले होते. मफलर या वेळी कानांवरून गुंडाळलेला होता, आणि थंडीचा अजून पत्ता नव्हता. मी मोठ्याने “जय भीम, बाबूजी” म्हटलं. त्यांनी मला शेजारी बसवलं. दशरथचा विषय निघाला. तो अजून तोच डंपर चालवत होता. काकूंनी चहा आणला, त्यांनी बशीत ओतून निवत ठेवला. ते बोलायचे कमी झाले होते आणि मला ओरडून बोलायची लाज वाटत होती, म्हणून आम्ही नुसते बसलो.

दिवस मावळला. मी निघायला उठलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

“स्टोअरबाबू, रातकिडे हायेत का?”

बांध्यांतून नुसता कल्लोळ चालला होता. मी म्हणणार होतो की कमी झाले आहेत, पावडरवाले येऊन गेले. तोंडाशी आलं होतं. पण ते माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. त्यांनी मुद्दाम तोंड दुसरीकडे केलं होतं.

“लय हायेत, बाबूजी,” मी ओरडून सांगितलं. “सगळीकडं हायेत.”

त्यांनी मान हलवली. मग उजवा हात वर केला, आवारात करायचे तसा. दारात काकू भांडी उचलत होत्या, त्या थांबल्या. मी उभा राहिलो. आम्ही दोघं ऐकत होतो आणि ते हात वर धरून आमच्यासाठी गप्प बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी हात खाली घेतला.

“जाय आता,” ते म्हणाले. “अंधार पडून राह्यला.”